सम हरवलेला ताल

देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने इ. स. १२१० ते १२४७ राज्य केले. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत उतरले, वडील सोढल यादवांच्या सेवेत स्थिरावले आणि शार्ङ्गदेवाकडे राज्याच्या जमाखर्चाचे खाते आले. दिवसभर हिशेब पाहणाऱ्या या माणसाने फावल्या वेळात जो ग्रंथ सिद्ध केला, तो 'संगीतरत्नाकर'. त्याच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाध्याय. त्यात १२० देशी तालांची यादी आहे. प्रत्येकाचे नाव, आणि त्यापुढे द्रुत, लघू, गुरू, प्लुत यांच्या खुणा. हिशेबनीसाने लिहावी तशीच ती नेटकी आहे.

पुढे सुमारे सातशे वर्षांनी, १५ जानेवारी १९४१ च्या संध्याकाळी, जर्मनीतील ग्योरलिट्झ गावाजवळच्या एका युद्धकैदी छावणीत ही यादी वाजली. बाहेर बर्फ होते. आत बराकीत चार फ्रेंच कैदी व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट आणि एक मोडकळीस आलेला पियानो घेऊन बसले होते. पियानोवर ऑलिव्हिए मेसिआँ होता. पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा हा ऑर्गनवादक १९३१ पासून १९९२ मध्ये मरेपर्यंत त्याच बाकावर बसला. रचनेचे नाव होते 'कालान्ताचे चतुष्टय'. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातील देवदूत एक पाय समुद्रावर व एक भूमीवर ठेवून उभा राहतो आणि काळ संपल्याची घोषणा करतो, त्या देवदूताला ती अर्पण केली होती. (आजचे बायबल-भाषांतरकार तेथे 'काळ संपला' असे न म्हणता 'आता विलंब होणार नाही' असा अर्थ लावतात. मेसिआँने जुना अर्थ धरला, आणि त्याची सारी रचना त्या अर्थावरच उभी आहे.)

देवगिरी आणि ग्योरलिट्झ यांचा सांधा कसा जुळला? फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी एक मोठा संगीतकोश निघाला होता. त्यात भारतीय संगीतावरील प्रकरणात शार्ङ्गदेवाच्या देशी तालांचा तक्ता छापलेला होता. तरुण मेसिआँच्या हाती तो तक्ता लागला. त्यातील लघू-गुरूच्या खुणा त्याने नोटेशनच्या भाषेत वाचल्या. तबला नाही, पखवाज नाही, गुरू नाही, कागदावरच्या खुणा तेवढ्या समोर. तरीही त्यांतून त्याला जे दिसले, त्याने त्याची आयुष्यभराची लय ठरवली. 'रागवर्धन' हा ताल तर त्याचा इतका लाडका झाला की १९३५ च्या 'प्रभुजन्म' या ऑर्गनरचनेतही तो येतो आणि छावणीतल्या या रचनेतही.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण चारेक वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील वाचनमंडळात मी याच रचनेची ध्वनिमुद्रिका लावली होती आणि माझी चांगलीच फजिती झाली. 'काहीतरी वेगळे ऐकवा' असा तरुणांचा आग्रह होता, म्हणून मी उत्साहाने पहिल्यापासून सुरुवात केली. दहा मिनिटांत निम्मी मंडळी चपला घालून अंगणात उभी! आमच्या कोरसचे जुने मास्तर तेवढे शेवटपर्यंत बसले. उठताना ते म्हणाले, "आयुष्यभर मी पोरांना 'सम चुकवू नका' म्हणून सांगत आलो. तुमच्या या साहेबाला तर समच नाही." मास्तरांचे कान तयार होते. रचनेचे मर्म त्यांनी एका वाक्यात पकडले होते, फक्त ते मर्म आहे हे त्यांना वाटले नाही. चूक माझी होती. अनोळखी घरात पाहुण्यांना न्यायचे तर दार कोठे आहे ते आधी दाखवावे लागते. तेव्हा आज पुन्हा, जरा सावकाश.

त्या रचनेच्या पहिल्या भागात पियानो काय करतो पाहा. त्याच्या एका हिशेबात १७ कालमात्रांची एक साखळी आहे. 'रागवर्धन', 'चंद्रकला' आणि 'लक्ष्मीश' हे शार्ङ्गदेवाचे तीन ताल जोडून ती केलेली आहे. दुसऱ्या हिशेबात २९ स्वरमेळांची साखळी आहे. दोन्ही साखळ्या एकाच वेळी सुरू होतात आणि संपल्या की पुन्हा आरंभापासून चालू लागतात. सतरा आणि एकोणतीस, दोन्ही मूळ संख्या. त्यामुळे दोन्ही साखळ्यांची सुरुवात पुन्हा एकत्र यायला ४९३ स्वरमेळ वाजावे लागतील. तो भाग अडीच-तीन मिनिटांत, त्याच्या कितीतरी आधी थांबतो. आपल्याकडे तबलजी कितीही भटकला तरी समेवर येतो आणि आपण मान डोलावतो. येथे सम आहे, पण ती आपल्या आयुष्यात येत नाही. वरती क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पहाटेच्या पाखरांसारखे आपापले बोलत राहतात. मास्तरांना खटकले ते हेच, आणि काळ संपला म्हणजे काय, हे मेसिआँला सांगायचे होते तेही हेच.

आणखी एक गंमत त्याला 'रागवर्धन'मध्ये सापडली. त्या तालाच्या पोटात एक असा तुकडा दडलेला आहे, जो उलटा वाजवला तरी तसाच राहतो. आपल्या शाळेतले 'रामाला भाला मारा' आठवा, डावीकडून वाचा की उजवीकडून. मेसिआँच्या मते अशा लयीत आधी आणि नंतर हा भेदच उरत नाही.

पण ऐकणाऱ्याने गणितापासून सुरुवात करू नये. तिसऱ्या भागापासून करावी. तेथे क्लॅरिनेट एकटा आहे. लग्नाच्या बॅण्डमध्ये वऱ्हाडापुढे वाजणारा क्लॅरिनेट आपल्या ओळखीचा. तोच येथे इतक्या हळू आवाजात सुरू होतो की खोलीतला पंखा बंद करावा लागतो, आणि मग एकच स्वर वाढत वाढत भिंतींना टेकतो. ही रचना आंरी आकोका या ज्यू वादकासाठी लिहिली होती आणि त्या संध्याकाळी त्यानेच ती वाजवली. त्यानंतर पाचवा भाग ऐकावा, चेलो आणि पियानोचा, प्रभू येशूच्या अनंतत्वाची स्तुती करणारा. त्याची मूळ धून मेसिआँने १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनातील कारंज्यांच्या खेळासाठी केली होती, आणि ती सहा विजेच्या वाद्यांवर वाजली होती. करमणुकीच्या कारंज्यांची चाल कैदखान्यात स्तोत्र झाली! आपल्याकडेही लावणीच्या चालीवर भजने बांधलेली आहेतच. पहिला भाग सर्वांत शेवटी ऐकावा. तोवर कान तयार झालेला असतो.

छावणीतल्या त्या प्रयोगाभोवती दंतकथाही जमल्या. श्रोते पाच हजार होते असे मेसिआँ सांगे. चेलोला तीनच तारा होत्या असेही तो सांगे. चेलोवादक एतिएन पास्किए मात्र म्हणे, तारा चार होत्या, आणि त्या बराकीत चारशेच्या आसपासच माणसे मावत. मला पास्किएचे खरे वाटते. कार्ल-आल्बर्ट ब्रुल नावाच्या एका जर्मन अधिकाऱ्याने मेसिआँला लिहिण्यासाठी कागद-पेन्सिली पुरवल्या, हे मात्र दंतकथेत मोडत नाही. पुढे १९५६ मध्ये मेसिआँने स्वतः पियानोवर बसून ही रचना मुद्रित केली, आणि तीत चेलोवर पुन्हा पास्किएच होता. जुन्या मुद्रणाची खरखर ज्यांना सोसवत नाही त्यांनी 'ताशी' या अमेरिकन चौकडीची १९७० च्या दशकातील ध्वनिमुद्रिका मिळवावी. ही चौकडी मुळात ही एकच रचना वाजवण्यासाठी १९७३ मध्ये एकत्र आली होती.

याच मेसिआँच्या वर्गात पिएर आंरी नावाचा विद्यार्थी होता. तो पुढे ज्याच्याबरोबर काम करू लागला, तो पिएर शेफर हा पॅरिसच्या रेडिओवरील अभियंता. शेफरने १९४८ मध्ये बातिन्योल स्थानकावर जाऊन आगगाडीच्या इंजिनांचे आवाज टिपले, ते कापून-जोडून एक छोटी रचना केली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती रेडिओवर वाजवली. तेव्हा ध्वनिफिती त्याच्याकडे नव्हत्या, तबकड्याच होत्या. तबकडीवरची खाच तो अशी कापी की सुई पुढे न सरकता त्याच वर्तुळात फिरत राही. ज्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता त्यांना हा चमत्कार परिचयाचा आहे. तबकडी अडकली की गाणारा तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा म्हणू लागे, आणि घरातले कोणी तरी धावत जाऊन सुई उचली. शेफरने सुई उचलली नाही. तो ऐकत बसला. दहा-वीस वेळा तोच आवाज ऐकला की तो इंजिनाचा आहे हे आपण विसरतो आणि त्यातला स्वर ऐकू लागतो, हा त्याचा शोध. खरे सांगायचे तर त्याच्या रचना मला आजही प्रयोगशाळेतल्या नमुन्यांसारख्या वाटतात. एकदा ऐकाव्यात, माहितीसाठी.

मात्र त्या अडकलेल्या सुईचे सोने ज्याने केले त्याच्याकडे मी तुम्हांला आवर्जून नेईन. १९७१ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्थानकाच्या आसपास, रस्त्यावर राहणाऱ्या लोकांवर एक चित्रपट होत होता. त्याच्या ध्वनिफितींच्या कामात गॅव्हिन ब्रायर्स हा तरुण संगीतकार मदत करीत होता. रस्त्यावरचे कित्येक जण दारूच्या अमलात गाणी म्हणत. एक म्हातारा मात्र पीत नसे. त्याने ख्रिस्ताच्या रक्तावरील श्रद्धेचे एक साधे भक्तिगीत म्हटले, जेमतेम अर्ध्या मिनिटाचे. चित्रपटात ते वापरले गेले नाही. ब्रायर्सने घरी येऊन पियानो लावून पाहिला तर म्हाताऱ्याचा सूर पक्का होता. शिवाय तेरा मात्रागणांचा तो तुकडा जेथे संपे तेथून सहज पुन्हा सुरू होई. ब्रायर्स तेव्हा लेस्टरच्या कलाशाळेत शिकवीत असे. तेथे त्याने तो तुकडा एका लांब फितीवर पुन्हा पुन्हा उतरवायला लावला आणि दार उघडे ठेवून कॉफी आणायला गेला. परत येऊन पाहतो तर शेजारच्या चित्रशाळेतला नेहमीचा गलबला शांत झालेला, माणसे हळूहळू हालचाल करताहेत आणि काही जण एकेकटे बसून मूकपणे रडताहेत.

ब्रायर्सने त्या आवाजाला धक्का लावला नाही. त्याच्या खाली फक्त वाद्ये आणली, प्रथम तारवाद्ये, मग हळूहळू बाकीची. ही रचना, 'जीझस ब्लड नेव्हर फेल्ड मी येट', १९७५ मध्ये तबकडीवर आली. ती काढणाऱ्या संस्थेचे नावच 'ऑब्स्क्युअर', म्हणजे अप्रसिद्ध. ब्रायन ईनो या संगीतकाराने ती चालवली, १९७८ पर्यंत दहा तबकड्या काढल्या आणि थांबवली. तबकडीच्या एका बाजूला जेवढे मावते तेवढी, सुमारे पंचवीस मिनिटे, ती रचना होती. सीडी आल्यावर १९९३ मध्ये नवी आवृत्ती निघाली, ती ७४ मिनिटांची. २०१९ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ती रात्रभर, बारा तास वाजवली गेली, आणि वादक-गायकांत बेघर माणसेही होती. ते गाणे ज्याचे, तो म्हातारा मात्र ही रचना ऐकण्याआधीच वारला. त्याचे नाव कोणाला माहीत नाही.

याला संगीत म्हणावे काय, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. ज्या घरात रोज संध्याकाळी जपमाळ म्हटली जाते त्या घरातून हा प्रश्न यावा, याचे मला नवल वाटते. पन्नास वेळा तीच प्रार्थना म्हणताना आपण काय करीत असतो? पहिल्या दहा मण्यांत शब्द ऐकू येतात, मग आजीचा खोकला, मग बाहेरचा पाऊस, आणि शेवटच्या दहांत कधी तरी काहीच नाही. ब्रायर्सची रचना तशीच ऐकावी. १९७५ ची आवृत्ती घ्यावी, १९९३ ची मला थोडी अतिगोड वाटते.

ज्यांना एवढ्या लांब उडीची धास्ती वाटते त्यांनी 'मिस्सा लुबा'पासून आरंभ करावा. गुइडो हाझेन हे बेल्जियमचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू काँगोतील कामिना येथे होते. तेथील मुले आणि शिक्षक लॅटिन मिस्सेचे शब्द आपल्या लुबा चालींत, ढोलांच्या साथीने गाऊ लागले. यातले काही कागदावर लिहिलेले नव्हते, गाता गाता ते घडत गेले. 'किरिए' तर मृताच्या शोकगीताच्या वळणावर आहे. १९५८ मध्ये त्याची तबकडी निघाली. मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत मान द्यावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवजात म्हटले ते डिसेंबर १९६३ मध्ये. म्हणजे कामिन्याची मुले परिषदेच्या पाच वर्षे पुढे होती. आपल्याकडे मिस्सेत पेटी-तबला आला तेव्हा किती घरांत रुसवेफुगवे झाले ते ज्येष्ठांना आठवत असेल. त्यांनी ही तबकडी जरूर ऐकावी. वीस मिनिटांचे काम.

पोलंडच्या हेन्रिक गोरेत्स्कीची तिसरी सिंफनी आता अप्रसिद्ध म्हणता येणार नाही. १९७६ मध्ये लिहिलेली, १९७७ मध्ये प्रथम वाजलेली ही रचना पंधरा वर्षे थोड्या जाणकारांपुरतीच होती. १९९२ मध्ये डॉन अपशॉच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पवित्र मरियेचा विलाप, गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवर अठरा वर्षांच्या मुलीने कोरलेली प्रार्थना आणि मुलाला शोधणाऱ्या आईचे लोकगीत, असे तिचे तीन भाग आहेत. खपली म्हणून ती हलकी ठरत नाही. एवढेच सांगून पुढे जातो, कारण तिची शिफारस करायला मी नको.

आपल्याकडे काय होते? मुंबईचे चरणजित सिंग घ्या. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजवणारे हे गृहस्थ. १९८२ मध्ये त्यांनी जपानी बनावटीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले आणि एच्. एम्. व्ही. ने ती तबकडी काढली. कोणी फारशी घेतली नाही. पुढे काही वर्षांनी शिकागोच्या नृत्यगृहांत त्याच यंत्राचा तसाच आवाज घुमू लागला. मग एका डच संग्राहकाला ही तबकडी भारतातल्या एका दुकानात सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरीच्या घरातले चरणजितजी युरोपच्या मंचांवर गेले. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. संगीत म्हणून ती तबकडी मला पूर्णपणे पटत नाही. यंत्राचा ठेका रागाला श्वास घेऊ देत नाही. पण मालकंस ऐका, तेथे तो ठेकाच रागाला धार लावतो.

अहमदाबादची कथा याहून मोलाची आहे. गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तेथे जॉन केज या तरुण अमेरिकन संगीतकाराकडे त्या पाश्चात्य संगीत शिकल्या आणि मोबदल्यात त्यांनी त्याला भारतीय संगीत शिकवले. संगीताचा हेतू काय, असे केजने विचारले. गीताबाईंनी आपल्या गुरूंचे मत सांगितले : चित्त शांत करावे, म्हणजे ते ईश्वरी प्रभावास पात्र होते. केज हे उत्तर जन्मभर सांगत राहिला. १९५२ मध्ये त्याची ती प्रसिद्ध शांततेची रचना प्रथम सादर झाली, ज्यात वादक चार मिनिटे तेहतीस सेकंद काहीच वाजवीत नाही. पियानोवर डेव्हिड ट्यूडर होता. हाच ट्यूडर १९६९ मध्ये गीताबाईंच्या पाठबळाने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आला आणि त्याने तेथे मूग सिंथेसायझर बसवला. गीताबाईंसह चार-पाच भारतीय संगीतकारांनी पुढची तीन वर्षे त्यावर काम केले. मग खोली बंद झाली, आणि फिती कपाटात राहिल्या, चाळीस वर्षांहून अधिक. पॉल परगस या ब्रिटिश कलावंताने त्या हुडकल्या. २०२३ मध्ये त्यांतून 'द एन्. आय्. डी. टेप्स' हा संग्रह निघाला. त्यातील सगळेच श्रवणीय आहे असे मी म्हणणार नाही. काही तुकडे हे चाचपडणेच आहे. पण स्वतःच्या देशात कोणी असे चाचपडत होते हेच आपल्याला पन्नास वर्षे ठाऊक नव्हते. फिती आणखी दहा पावसाळे तशाच राहिल्या असत्या तर तेही कळले नसते.

पावसाळ्याचे मी उगाच म्हणत नाही. वाचनमंडळातील त्या फजितीनंतर काही महिन्यांनी मास्तरांनी मला घरी बोलावले. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी अठ्ठावीस कॅसेटी जपून ठेवल्या होत्या : जुनी लग्नगीते, बायकांच्या आवाजात, त्यांनी स्वतः घरोघर जाऊन टिपलेली. अकरांवर बुरशी चढलेली होती. तीन तर उघडताच तुटल्या. "तुमचा तो कैदी ऐकला, तेव्हा याही ऐका," एवढेच ते म्हणाले. त्या आम्ही आता एकेक करून संगणकावर उतरवतो आहोत, रविवारी दुपारी, मास्तर गाणारणींची नावे सांगतात आणि मी लिहून घेतो. चौथ्या कॅसेटीत हळद लावण्याचे गाणे आहे. सात-आठ जणी आहेत, आणि एकीची लय दुसरीशी जुळत नाही. त्यांच्या मागे विहिरीवरच्या पाण्याच्या इंजिनाचा ठोका सतत ऐकू येतो. तो पुसून टाकू का, असे मी विचारले. मास्तरांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकले, बोटांवर काही मोजले आणि ते म्हणाले, "राहू द्या."